फळ्याखालची मोकळी ओळ

मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या अलीकडे
तालमीच्या भिंतीवर एक फळा आहे.
चार फूट बाय तीन. वर वाकलेला पत्रा,
खाली खडूचा चुरा, मुंग्या त्याला वळसा घालून जातात.

केदारीमामा साडेसहाला यायचे,
ओल्या फडक्यानं कालचा दिवस पुसायचे,
पुसता पुसता पुन्हा एकदा वाचत.
मग लिहायचे:
गुरुवारी पाणी नाही. शुक्रवारी कमी दाबाने.
ढमढेरेबाईंच्या चाव्या सापडल्या, तालमीत विचारणे.
बारावीचा निकाल दुपारी एक वाजता, घाबरू नये.
(घाबरू नये हे बोर्डाचं नव्हतं. ते मामांचं.)

मी म्हणायचो, मामा, हे सगळं खिशात येतं आता.
ते म्हणायचे, येतं ना, धो धो येतं.
प्यायला तांब्या कुठंय?

त्यांचा एक हिशोब होता, खडू झटकत सांगायचे:
ऐकलं तर चार आणे,
पाहिलं तर बारा,
रुपया पुरा करायचा तर चालत जावं लागतं.

त्या ऑगस्टात नदी चढली
आणि पाण्याआधी बातमी घरात शिरली.
धरण फुटलं.
चुलतभावाच्या मेव्हण्यानं पाठवलेलं,
त्याला कुणीतरी, त्या कुणाला आणखी कुणी.
गाद्या माळ्यावर चढल्या,
सुर्व्यांची म्हातारी खुर्चीसकट जिन्यात अडकली.
मामांनी पाटबंधारे खात्याला फोन लावला, अकरा वेळा.
बाराव्यांदा उचलला.
बॅटरीच्या उजेडात लिहिलं:
धरण शाबूत आहे. पाणी सोडले आहे, पस्तीस हजार क्युसेक.
नाल्याकडच्यांनी आत्ता शाळेत जावे. बाकीच्यांनी झोपावे.
मी स्वतः विचारले.
ज. ना. केदारी, रात्री १.१०

लोक झोपले खरे,
त्या शेवटच्या ओळीला उशी करून.

पाव दिला की पाव जातो.
बातमी दिली तरी देणाऱ्याकडं राहते,
म्हणून वाटताना कुणाचा हात आखडत नाही
आणि देण्याआधी
कुणी ती हुंगूनही बघत नाही.

पण मला आठवते ती दुसरीच सकाळ.
फळ्यावर होतं: हमीद कुलूपवाले यांचे दुःखद निधन.
दहाला हमीदचाचा स्वतः आले वाचायला,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चष्मा कपाळावर.
दफन किती वाजता, एवढंच विचारलं.
सगळा चौक हसला. मामा सोडून.
वारले होते ते भवानी पेठेतले दुसरे हमीद,
त्यांच्यासाठी त्या दिवशी इथं कुणी थांबलंच नाही.

मामांनी ते पुसलं नाही.
ओळीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं:
चूक माझी. विचारायला गेलो नाही.
आणि तीन दिवस तसंच ठेवलं,
पाण्याच्या वेळा कोपऱ्यात बारीक अक्षरात कोंबून.
येणारे-जाणारे वाचायचे. मामा शेजारी बसून असायचे.

मामा गेले ते मार्चमध्ये.
फोनवर सकाळीच आलं, हार घातलेल्या फोटोसकट.
मी खडू उचलला,
ठेवला,
चालत ससूनला गेलो.
वॉर्डातल्या सिस्टरना पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासह.
त्यांनी वही उलटली, मग पडदा सारला.
चादरीबाहेर राहिलेला उजवा हात पाहिला मी,
नखांच्या कडेला पांढरं.
रुपया पुरा झाला.

परत येऊन लिहिलं. वेळ टाकली. माझं नाव टाकलं.
हमीदचाचा शेजारी उभे होते, ऱ्हस्वदीर्घ तपासत.
खाली एक ओळ मी मोकळी सोडली.
का, ते त्यांनी विचारलं नाही.